उंटापुढचं प्यादं

अकोला, गुरुवार

प्रिय वामनदादा,

रविवारी तू मामाजींशी समोरासमोर बुद्धिबळ खेळायला येतोयस, हे तुझं कार्ड आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज भाकरी करपली, दूध उतू गेलं. शेजारणींना वाटतं, माहेरचं माणूस येणार म्हणून पोरगी हरखली. त्यांना काय सांगू?

अमरावतीच्या वकिलांत तुझ्या तोडीचा खेळाडू नाही म्हणे. तरी मामाजींशी कार्डांवर चाली धाडून खेळलेला पोस्टातला डाव हरलास, आणि वर त्यांना विचारलंस, "राजापुढचं प्यादं सोडून उंटापुढच्या प्याद्यानं सुरुवात करायची ही तऱ्हा कुठून काढलीत? माझी झोप उडवलीत." वाचून मला हसूही आलं आणि धडकीही भरली. तुला खरंच आठवत नाही? लहानपणी राजापुढचं प्यादं तू मला हलवूच देत नव्हतास, ती मोठ्यांची चाल म्हणायचास. मग मी उंटापुढचं पुढे सरकवायची. एकदा जिंकले, तर तू पट उधळून भोकाड पसरलंस आणि बाबांनी मोहरे माळ्यावर टाकले. तू रडायचा थांबलास. माझा खेळच थांबला.

मामाजींचे डोळे मोतीबिंदूनं गेलेत, हे आम्ही बाहेर फुटू दिलेलं नाही. तुझी कार्डं मीच दाराआडून वाचून दाखवते. पहिली चाल पाठवायची होती त्या दिवशी ते म्हणाले, "माया डोळ्यापुढं पटच येत नाई आता. सूनबाई, तुले येते काय खेळता?" मी हो म्हटलं. त्या पहिल्या चालीपासून साऱ्या चाली माझ्या, सही तेवढी त्यांची.

आता ते हट्टाला पेटलेत की रविवारी बैठकीत सूनबाईच बसेल. सासूबाईंनी अबोला धरलाय. बघायला इथले चार वकील यायचेत. पदर घेतलेली बहीण पटामागे बसलेली पाहून तू सगळ्यांदेखत उठून गेलास, तर मी काय करू? म्हणून हे आधीच लिहितेय. मला खेळायचंय दादा, फार खेळायचंय. मुद्दाम हरणार असशील तर येऊच नकोस. भाऊ म्हणून यायला भाऊबीज आहेच. रविवारी येशील तो खेळायला ये.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
जमुना