डावीकडची पहिली ओळ

१५ नोव्हेंबर १९९९, उटनूर

पुन्हा त्यांचंच नाव! ताप-पाहणीचे तक्ते निघाले, पीडीएफ झाली आणि पडद्यावर डावीकडे बुकमार्कांची रांग – सगळ्यात वर 'नागोराव', खाली गावं. प्रोग्राम माझ्या यजमानांनीच लिहिलेला. याच पाहणीसाठी बेज्जूरला गेले आणि ताप घेऊनच परत आले. भादव्यात गेले; त्यांच्या जागी तात्पुरती मला घेतलं. कॉम्प्युटरला कोण सांगणार? त्या नावावर क्लिक केलं की पहिलं पान उघडतं. उगाच उघडत बसले.

घरी येताच सासूबाईंनी ऑफिसची चावी मागून घेतली. रोजचंच. यजमानांच्या फोटोखालच्या खिळ्याला टांगतात, सकाळी मला मागावी लागते. "खुर्ची माह्या नागोरावची हाय. तू नुस्ती राखनीले बसली. धाकटा सुधाकर पास झाला का तो बसन."

१७ नोव्हेंबर

केशवरावसाहेब रिपोर्ट पाहून चिडले. "बाई, गेलेल्या मानसाच्या नावानं हैदराबादले धाडू का? तिकडून त्यायलेच बोलावतीन मंग!" सगळे हसले. मग साहेबांनीच जीभ चावली. मीही थोडी हसले – काय करणार.

नंतर साहेब हळू म्हणाले, "तुमचं नाव टाका. तुमची कायम करायची फाईल याच रिपोर्टसंगं धाडून राह्यलो. एकदा कायम झालात का खुर्ची तुमचीच. दिराले नाही भेटत."

मी म्हणाले, "मला ते जमत नाही, साहेब."

१८ नोव्हेंबर

जमतं. एका ओळीचं काम आहे. प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हांत जे लिहावं तेच बुकमार्क होतं.

त्यांचं नाव पुसलं, जागा कोरी ठेवली. वाटलं, कुणाचंच नको – त्यांचं नाही, माझंही नाही. पण कोरी राहत नाही! सॉफ्टवेअर तिथे आपलंच काहीतरी इंग्रजी नाव टाकतं. आपल्या दारावर परक्याची पाटी लावावी तसं दिसलं.

त्यांचं नाव परत टाकलं. एकेक अक्षर.

१९ नोव्हेंबर

काही नाही.

२१ नोव्हेंबर

रविवार. जेवताना सुधाकरभावजी – "वहिनी, कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असते म्हने?" आतापासूनच! आवाज अगदी त्यांच्यासारखा. घास तसाच हातात राहिला. सासूबाई म्हणाल्या, "असते ना. तुह्या दादाले थंडी वाजे तिथं."

मला त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर

साहेबांनी विचारलं, "उद्याची टपाल. काऊन अडवून धरलं, बाई?" घरी जावंसं वाटत नाही, ऑफिसात बसवत नाही.

२३ नोव्हेंबर

रिपोर्ट गेला. सगळ्यात वर माझं नाव – वनमाला. पाठवण्याआधी क्लिक केलं. तेच पान उघडलं. तसंच!

संध्याकाळी सासूबाईंनी हात पुढे केला. मी म्हणाले, "चावी माझ्याजवळ राहील."