अकरा कडव्यांची उकळी

मी, वय एकाहत्तर, धंदा लॉन्ड्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाळेच्या मागच्या शेडमध्ये बाकावर बसून लिहीत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टर सांगतात. स्मरणशक्तीची हमी मात्र मी देत नाही. कारण चौथ्या कलमात येईल. ताप अजून नाही. सकाळपासून तीनदा पाहिला.

कलम १. रस्त्याकडेचं दुकान, मागच्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते, सगळं माझ्या एकुलत्या एका मुलीला. फळीवर अठरा वर्षं एक लग्नाचा कोट पडून आहे. धोबीखूण लाल दोऱ्याची, तीन टाके. तो विकू नये. माणूस आलाच तर इस्त्री करून द्यावा.

साथ आली, शाळेचं इस्पितळ झालं, आणि रोग्यांच्या चादरी उकळायला कोणी मिळेना. मी हो म्हणालो तेव्हा मुलगी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी डबा घेऊन फाटकाशी आली आणि म्हणाली, "सगळ्या गावाला कारणं सुचली, बाबा. तुम्हालाच एक सुचलं नाही?" मलाही चार-पाच सुचली होती. पण याच शाळेच्या पाच नंबरच्या खोलीत, सहावीच्या वर्गात, मी कविता शिकलो. खिडकीतून चिंचेची सावली फळ्यावर यायची आणि गुरुजी त्या सावलीवरच खडूने लिहायचे. त्या वर्गात आज बारा खाटा आहेत. तिथल्या चादरी दुसऱ्या कोणाच्या हाती कशा द्यायच्या, एवढंच मनात आलं. बाई गं, एवढ्यावर राग सोड.

कलम २. कोळशाची पितळी इस्त्री समोरच्या लॉन्ड्रीवाल्याला, ज्याला सगळे खळवाला म्हणतात. त्याचा शर्ट खुंटीवाचून उभा राहतो. बावीस वर्षांपूर्वी याने लॉजच्या मालकाला सांगितलं की मी कविता पुटपुटतो आणि चादरी करपवतो. लॉजच्या चादरी तेव्हापासून त्याच्याकडे. करपली होती ती एकच, आणि तीही उशीची खोळ होती, हे इथे नमूद करतो. पण भट्टीच्या दहाव्या दिवशी तो न बोलावता आला, माझ्या हातातलं ढवळायचं दांडकं काढून घेतलं आणि म्हणाला, "कवी, बाजूला बस. तू नुसता म्हण." तेव्हा इस्त्री त्याची. खळ कमी घालावी ही अट नाही, विनंती आहे.

कलम ३. सहावीचं कवितांचं पुस्तक, पुठ्ठा निसटलेला आहे, शाळेला परत. एकोणसाठ वर्षांपूर्वी मीच नेलं होतं.

कलम ४. हे देण्याघेण्याचं कलम नाही, पण याच्यासाठीच बाकीचं लिहायला घेतलं.

डॉक्टरांचा हुकूम होता, चादर खळखळत्या पाण्यात पुरता अर्धा तास. माझं घड्याळ वाफेने दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. मला त्याची गरजही नव्हती. सहावीत पुरातून होडी पलीकडे नेणाऱ्या नावाड्याची कविता होती. कडवी अकरा. माझ्या चालीत पाच वेळा म्हटली की बरोबर अर्धा तास. चाळीस वर्षं दुकानातली भट्टी मी अशीच लावली.

गेल्या सोमवारी हेडमास्तर शेडमध्ये बसून माझी कविता ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, "काका, सातवं कुठे गेलं?"

सातव्यात नावाड्याचं वल्हं वाहून जातं आणि तो हातांनी पाणी कापत राहतो. ते कडवं माझ्या तोंडून गळलं होतं. त्या दिवशी, की महिन्याभरापूर्वी, मला सांगता येईना. म्हणजे दर भट्टीला उकळी कमी पडली. किती भट्ट्यांना, देव जाणे.

मी तसाच डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "अर्धा तास मी सांगितला तो तुम्ही वीस मिनिटांवर याल म्हणून." मला हसू आलं नाही. हाताला लागेल ती चादर पुन्हा उकळली. पण रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या धाकट्या सिस्टरच्या खोलीतल्या चादरी मागे राहिल्या होत्या, आणि गुरुवारी तिला ताप भरला. रोग्यांपासून आला, चादरीपासून नव्हे, असं डॉक्टर शपथेवर सांगतात. त्यांच्या शपथेने मला झोप लागत नाही. पोरगी पंचवीसची आहे. रोज शेडच्या दारातून विचारायची, "काका, नावाडी पोचला का?"

कलम ५. हेडमास्तर या साथीवर कादंबरी लिहीत आहेत. तिच्यात एक लॉन्ड्रीवाला आहे. वाफेत ताठ उभा राहून, मरणाला न भिता कविता गातो. एक प्रकरण वाचूनही दाखवलं. भाषा छान आहे. माझ्या मागे त्यांनी ते जरूर छापावं, पण तीन गोष्टी घालून. तो माणूस घाबरट होता आणि घरी जाताना चार वेळा हात धुवायचा. दांडकं बहुतेक वेळा खळवाल्याच्या हातात असायचं. आणि तो एक कडवं विसरला. ही तिसरी गोष्ट गाळली तर परवानगी रद्द समजावी.

कलम ६. दोन साक्षीदारांशिवाय हा कागद रद्दी आहे, हे मला ठाऊक आहे. पहिला खळवाला. दुसरी जागा धाकट्या सिस्टरसाठी ठेवली आहे. हेडमास्तर तयार होते, मी नको म्हणालो. मुलगी फाटकातून म्हणाली, "तिचं काही बरंवाईट झालं तर घराचं काय?" तसं झालं तर घर मुलीला वारस म्हणून मिळेलच. इस्त्री आणि पुस्तकाचं काय व्हायचं ते होवो. पण त्या जागी दुसऱ्या कोणाची सही मला बघवणार नाही.

तोवर हा कागद घडी करून खिशात ठेवतो. भट्टी चालू आहे. आता सातवं कडवं आधी म्हणतो, मग पहिल्यापासून सगळी.

ठिकाण : आजाऱ्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर
दिवस : साथीचा एक्कावन्नावा, लिहून ठेवल्यापासून नववा

सही : लॉन्ड्रीवाले काका (दोघांच्या देखत केली)

साक्षीदार पहिला : समोरचा लॉन्ड्रीवाला. खोळ नव्हती, चादरच होती.

साक्षीदार दुसरी : धाकटी सिस्टर, खाट क्रमांक पाच. उशीला टेकून सही केली, म्हणून वाकडी आली. सहीआधी काकांना खिडकीतून कविता म्हणायला लावली. बोटांवर मोजली. अकरा.