रामबुतान आणि बाबांचे गुडघे

४ जानेवारी
ऑफिसमधला शेजारच्या टेबलावरचा परदेश फिरून आला. सगळ्यांना चॉकलेटं, मला एक रामबुतान. लाल, केसाळ, झोपमोड झाल्यासारखं दिसणारं फळ. आत पांढरा, गोड गर. खाल्लं. बी फेकणार होतो, तेवढ्यात वाटलं, झाडच का लावू नये? घनदाट जंगलातलं फळ, आपल्या खिडकीत. संकल्प : यंदा हाती घेतलेलं एक तरी काम तडीस न्यायचं. (गिटार आणि पोहण्याचा क्लास हे विषय इथे नकोत.)

५ जानेवारी
इंटरनेटवर वाचन केलं. पहिलं पान पुरेसं होतं. बी वाळता कामा नये. खालून सतत ऊब, वरून सतत ओलावा. बी धुऊन कुंडीत लावलं. बायकोने विचारलं, या थंडीत जंगलाची हवा कुठून आणणार? म्हटलं, व्यवस्था होईल. सुचलेली नाही.

६ जानेवारी
सुचली. बाबांचा गुडघे शेकायचा हीटिंग पॅड. दुपारी ते झोपतात तेव्हा तो नुसता पडून असतो. आज सुट्टी होती, तेवढ्यापुरता कुंडीखाली ठेवला. याला घेणं म्हणत नाहीत.

९ जानेवारी
अधूनमधून ऊब म्हणजे बियाची थट्टा. पॅड आता पूर्णवेळ कुंडीखाली. वरून टॉवेल, धूळ बसू नये म्हणून. बाबांनी विचारलं, पॅड दिसत नाही कुठे. मी म्हणालो, दुरुस्तीला टाकलाय. का म्हणालो माहीत नाही, तोंडातून निघून गेलं. बाबा म्हणाले, बरं केलंस, वायर जरा सैलच होती. वायर अजिबात सैल नाही. मी तपासली.

१२ जानेवारी
उद्या बाबांना नवा पॅड आणणार. पक्कं.

१३ जानेवारी
ऑडिटवाले आले. उद्या.

१५ जानेवारी
बाबा सकाळी फिरायला गेले नाहीत. गारठा आहे म्हणाले. गारठा आहेच, तो काही मी आणलेला नाही. तरी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का. हो म्हणालो. आता औषधही घ्यावं लागलं.

१७ जानेवारी
दुकानात गेलो. पॅड होते, दोन प्रकारचे. बाबांना कुठला सोसेल ते ठरेना. घाईत वस्तू घेऊ नये. पाणी फवारायची बाटली घेऊन आलो.

२१ जानेवारी
कोंब आला. हिरवट, वाकडा, पण माझा. बायकोला दाखवला. तीही खूश. बाबांना हाक मारणार होतो, पण टॉवेलाखाली पॅड. बाबा आतून विचारत होते, काय झालं रे? म्हटलं, काही नाही, ऑफिसचं. ज्याच्या जिवावर उगवलं त्यालाच दाखवता येत नाही. आनंदाला जरा कडवट चव होती. कदाचित औषधाची.

२४ जानेवारी
ताईचा फोन. बाबांनी तिला सांगितलंय की पॅड दुरुस्तीला गेलाय आणि मी रोज दुकानात खेटे घालतोय. खेटे घालतो असं मी कधीच म्हणालो नव्हतो. ती म्हणाली, नंबर दे त्या दुकानदाराचा, मी बघते त्याच्याकडे. म्हटलं, नको, माणूस चांगला आहे, जरा आळशी आहे एवढंच. ती म्हणाली, असल्या माणसांना लाजच नसते. मी तिच्याशी सहमत झालो.

२७ जानेवारी
आज ठरवूनच अर्धी रजा टाकली. पॅड काढून बाबांच्या पलंगावर ठेवायचा आणि म्हणायचं, आला एकदाचा दुरुस्त होऊन. दार उघडलं तर बाबा खिडकीशी स्टुलावर. टॉवेल घडी करून बाजूला. हातात फवारायची बाटली. पॅड चालू, त्याच्या एका टोकावर कुंडी आणि दुसरं टोक बाबांच्या गुडघ्यावर.

म्हणाले, ये. दोघांना पुरतो हा.

कधीपासून, असं विचारलं. म्हणाले, टॉवेल घसरून पडला तेव्हापासून. रोज दुपारी येऊन बसतो. मग ताईला दुरुस्तीचं का सांगितलंत? तर म्हणाले, तू तसं सांगितलं होतंस ना.

माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारलं, पानं फुटतील का लवकर?

२८ जानेवारी
नवा पॅड आणला. मोठा, दोन्ही गुडघ्यांना पुरेल असा. बाबांनी हात फिरवून बघितला, छान आहे म्हणाले. दुपारी मात्र तो घेऊन खिडकीशीच बसतात. माफी उद्या.

२ फेब्रुवारी
पानं फुटली. बाबा सकाळी कोपऱ्यापर्यंत फिरून आले. उत्साहात इंटरनेटवरचं दुसरं पान वाचलं. बियापासून लावलेलं रामबुतान नर निघू शकतं. नराला फळ धरत नाही. नर की मादी, हे फुलं आल्यावरच कळतं, आणि त्याला काही वर्षं लागतात.

बाबांना जपूनच सांगितलं, इतके दिवस त्याच्यापाशी बसलेत. त्यांनी एक पान पुसलं. म्हणाले, निघू दे. खाऊनपिऊन नुसता वाढलेला एक या घरात आहेच, त्याला कुठे काढून टाकलं आपण?

मग मी माफीला खरोखरच सुरुवात केली. बाबा, ते पॅडचं, म्हणजे तेव्हा मी, असं बरंच झालं. ते कुंडीकडेच बघत होते. म्हणाले, जरा बाजूला हो. त्याच्या उन्हात उभा आहेस.

बाजूला झालो.