कपाट बंद ठेवा

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतील तेवढ्यांचाच नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला, वहिनींचा गुडघा आणि गाडीचा ब्रेक आता बरे असतील. तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. रविवारी बाबांना परत न्यायला येताय, 'म्हाताऱ्या माणसाचा तुम्हाला कामात त्रास नको' असं लिहिलंत, ते वाचलं. त्याचं उत्तर देतोच, पण आधी आमच्या कपाटाचं ऐका.

आम्ही चालवतो त्या छापखान्याच्या कँटीनमध्ये एक गरम कपाट आहे, माणसाएवढं, स्टीलचं. आत तारा तापतात, मागचा पंखा ऊब फिरवतो आणि सकाळचा भात-रस्सा दुपारच्या पाळीपर्यंत गरम राहतो. निदान राहायला हवा. मध्यंतरी रस्सा कोमट लागायला लागला. तुमच्या बहिणीचं निदान असं, की येणारा जाणारा दार उघडं टाकतो. पटलं. छापखान्याच्या फोरमनने हौसेने ठळक टाइपात पाटी छापून दिली, 'कपाट बंद ठेवा', आणि मी ती दारावर डकवली. दुसऱ्या दिवसापासून रस्सा कोमटसुद्धा राहिना, थेट गार! आगीतून फुफाट्यात. माणसं हातांची शाई धुऊन जेवायला बसत आणि माझ्याकडे अशी बघत, जणू प्रत्येक वाटीत मीच फुंकर मारून ठेवली होती.

मी कंबर कसली (तेव्हा कसता येत होती). आधी दाराच्या रबरावर संशय. दारात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा. सहज सुटला तर रबर गेलं. कागद म्हणून हाताशी तुमचं मागचं पत्र होतं, क्षमस्व. ते इतकं घट्ट अडकलं की फाटलं, आणि वहिनींच्या गुडघ्याचा मजकूर आतच राहिला. म्हणजे रबर ठणठणीत. मग ट्रे ठासून भरल्याने पंख्याला वाव मिळत नसेल म्हणून ट्रे कमी केले. तळातल्या पाण्याच्या थाळीत साचलेला क्षार खरवडला. शेवटी मेकॅनिक आणला, तर त्याने बटण दाबताच कपाट आज्ञाधारक मुलासारखं तापलं! चालू असल्याचा लाल दिवा तेवढा गेलाय, म्हणाला, आणि नवा दिवा देऊन गेला. तो गेला, रस्सा गार. 'नाचता येईना, अंगण वाकडं,' असं तुमची बहीण म्हणाली. ते मात्र मला पटलं नाही.

मग मी कपाटाखालची जाळी तुंबली आहे का ते बघायला जमिनीवर आडवा झालो आणि उठताना उसण भरली. ना इकडे, ना तिकडे. तेवढ्यात समोर बाबांच्या चपला येऊन थांबल्या. वरून सावकाश वाचल्याचा आवाज आला, "कपाट... बंद... ठेवा." आणि टक्! बटण बंद.

"काय माणसं आहेत! रोज चालूच ठेवून जातात," बाबा म्हणाले.

दादा, ज्या माणसाने सारी नोकरी वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली काढली, तो पाटीचा शब्द मोडेल का? आणि आपल्या भाषेत दारही बंद होतं आणि वीजही बंदच होते. मी जमिनीवर पडल्या पडल्या इतका हसलो की उसण दुप्पट झाली. बाबांना वाटलं मी विव्हळतोय, म्हणून त्यांनी तुमच्या बहिणीला हाक मारली. (वाचनालयातून निवृत्त झाल्यावर एवढ्या मोठ्याने ते प्रथमच बोलले असावेत.)

आता पाटी गेली आणि तिथे स्टूल टाकून बाबा बसले आहेत. मधूनमधून दारावर तळवा ठेवून ऊब बघतात, दार उघडं टाकणाऱ्याला दटावतात, फोरमनशी ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतात आणि पाळीच्या माणसांबरोबर दोनदा भात मागून घेतात. रस्सा असा कढत, की माणसं खरोखरच फुंकर मारतात. कपाट बरं झालं. म्हणजे आता बाबांचं इथलं काम संपलं, आणि तुम्ही न्यायला यायला हरकत नाही, असं म्हणायला हवं.

कळावे. वहिनींच्या गुडघ्याबद्दल कृपया पुन्हा लिहावे.

तुमचा मेहुणा

ता. क. : तसं मी म्हणत नाही. तुमचं पत्र आल्यावर बाबांनी मुकाट्याने बॅग भरून दाराशी ठेवली आणि त्या दिवशी भात एकदाच घेतला. दादा, तुम्ही त्यांचं काही कमी करत नाही, पण तुमच्याकडे सगळे कामाला गेल्यावर ते दिवसभर एकटे असतात. मला ते इथे हवे आहेत. रविवारी जरूर या, जेवायलाच या. येताना त्यांचा दुसरा चष्मा आणि उरलेले कपडे आणा.

ता. क. २ : कपाट बरं झालं हे बाबांसमोर बोलू नका. दिवा लागत नाही तोवर ते चालू आहे की बंद, हे कुणीतरी सारखं बघायलाच हवं, असं मी त्यांना सांगितलं आहे. नवा दिवा माझ्या खिशात आहे. तो तिथेच राहील.