नाचणीची बिअर आणि आई

शनिवार, बेंगळुरू

घरी आल्यापासून आईचाच विचार डोक्यात आहे. माझ्या भावाने, निखिलने, नोकरी सोडून एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवायला घेतली, तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. "एकुलता एक मुलगा, दारू गाळतो," एवढंच म्हणायची. आज त्याची नाचणीची बिअर पहिल्यांदा लोकांसमोर येणार होती. मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. चुकलं का माझं?

आई दाराशीच नाकाला पदर लावून उभी राहिली. निखिलने मोड आणून वाळवलेली नाचणी तिच्या तळहातावर ठेवली. तिने चिमूटभर चावून पाहिली. सावकाश.

"ही तर सत्त्वाची नाचणी. तुला दात नव्हते तेव्हा हीच भरवायचे मी."

"तीच आहे, आई. फक्त आता दात आलेत."

ती हसली. खरंच हसली. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेला उंचावून म्हणाले, "अम्मा, स्वल्प टेस्ट माडी!" थोडी चाखून तर बघा, असं.

तिने घोटभर घेतली, तोंड वाकडं केलं. "कडू आहे रे." पण पेला खाली ठेवला नाही. दुसऱ्या मुठीत ती नाचणी तशीच.

मोठ्या कंपन्यांची बिअर कुठेही मिळते. ही त्या एका गल्लीतली, माझ्या भावाच्या हातची.

निघताना आई त्याला म्हणाली, "उद्या जेवायला ये. हे असलं काही आणू नकोस."

रिक्षात बसल्यावर मात्र हळूच मला म्हणाली, "आणली तर आणू दे. फुलपात्रातून घेऊ, म्हणजे शेजारच्यांना कळायचं नाही."