सातपूरच्या गेटवरची शेमा

एझ्रादादा,

तू तिकडे इस्राएलात सिनेगॉगमध्ये प्रार्थना गातोस, म्हणून माझा व्हिडिओ बघून लगेच शिकवलंस, "मोझेल, सूर घसरला. आणि शेमाची प्रार्थना काय कंपनीच्या गेटवर म्हणतात?"

प्रेस मशिनमध्ये सगुणाबाईंची बोटं गेली आणि कंपनीने त्यांनाच काढलं. म्हणून आम्ही बायका सातपूरला गेटवर बसलो होतो. रीतीप्रमाणे डोळ्यांवर हात ठेवून मी शेमा म्हणू लागले, तेव्हा सगुणाबाईंनी तो थोटा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तिथे सूर घसरला. त्यांचं रडणं नाही ऐकू आलं तुला?

हे पत्र पाठवणार नाही, यातही चुकाच काढशील.

शेमा म्हणजे 'ऐक', हे तूच शिकवलंस ना? मग हात डोळ्यांवर ठेवायचा असतो दादा, कानांवर नाही.

तुझी बेसूर बहीण,
मोझेल