सरोजमची रिक्षा, तंकमणीचा गळा

त्रिशूर

लीलाचेचीस धाकट्या बहिणीचा, तंकमणीचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? भावोजी अजून चोरून फणस खातात का? (साखर आपल्याला आहे, फणसाला नाही, हे त्यांचं म्हणणं मला तरी पटतं.) मी बरी आहे, फक्त रिक्षात बसून कंबर धरली आहे.

झालं असं. आपली सरोजम, जी साठ सिनेमांत रडली आणि जिच्या प्रत्येक रडण्याला डबिंगमध्ये गळा माझा, तिनं जाहीर केलं की अभिनय बास, आता मी त्रिशूरात रिक्षा चालवणार! सगळं खोटं बरं का. जोबिन नावाचा एक पोरगेला दिग्दर्शक लटका माहितीपट काढतोय. नटी रिक्षावाली झाली की लोक काय करतात, ते लपून टिपायचं. (परवाना मात्र खरा. वळताना ती असा हात दाखवते की जणू नवऱ्याला युद्धावर धाडतेय.)

पहिल्याच दिवशी ही गर्दी! पण बाईंनी तोंड उघडून "कुठं जायचं?" विचारलं, तशी एक मासळीवाली ओरडली, "ही कसली सरोजम? हिचा आवाज फुटक्या घागरीचा!" मग जोबिननं मला बोलावून सीटमागच्या ताडपत्रीआड कोंबलं. ती आरशात ओठ हलवी, मी बोले. इतक्या वर्षांनीही, चेची, तिचा ओठ थरथरला की माझा आवाज आपसूक रडका होई. लोक म्हणत, ताई, एकदा ते सिनेमातलं "जेवलास का रे बाळा?" म्हणा. कुणाला त्यावरून आई आठवे, तर कुणाला पाडून टाकलेलं थेटर आणि अंधारात धरलेला बायकोचा हात.

मग एकदा वर्कीमाष बसले. निवृत्त मास्तर, विधुर, नजर पार गेलेली. मी दोन वाक्यं बोलले नाही तोच ते मागं वळले आणि ताडपत्रीला हात जोडून म्हणाले, "आवाज इथून येतोय. बाई, तुमचं नाव काय?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं गं. सरोजमनं रिक्षा थांबवली आणि आपल्या फुटक्या आवाजात सांगितलं, "तंकमणी. माझं निम्मं काम हिचंच. ये गं बाहेर, नीट बस."

मी माषांशेजारी बसले. रडून दाखवू का विचारलं, तर म्हणाले, "नको, पुष्कळ रडलात. मासळीचा भाव सांगा." मी त्यांचं चर्च येईपर्यंत सांगत राहिले. सरोजम पुढं डोळे पुसत होती, त्यात एक सिग्नल मोडला.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
तंकम्

ता. क. सिनेमा तयार झाला. जोबिनला माझा आवाज म्हातारा वाटला, म्हणून माझ्या तोंडी एका तरुण पोरीचा गळा बसवलाय. छान बोलते. सरोजम इतकी भडकली की तिनं अभिनय खरंच सोडला. आता रिक्षा खरीच चालवते.

आणखी एक. माष रोज रिक्षा स्टँडवर येतात, मीही जाते. तुझी ती मोरपंखी साडी पाठवशील का? त्यांना दिसत नाही, मला ठाऊक आहे. तरी पाठव.